पाहुण्यांचा ओटा

९ एप्रिल १९५९, गुरुवार. पाडवा.

गुढी उभारली, कडुनिंबाचं पान चावलं आणि ही कोरी वही काढली. बाबांनी बागेच्या अशा सात वह्या लिहून ठेवल्या आहेत. कुठली कीड कुठल्या पंधरवड्यात येते, कुठल्या रोपाला सावली सोसत नाही, सगळं त्यांत आहे. माणसांबद्दल मात्र एक ओळ नाही. मीही तसंच लिहायचं ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी भाईचं पत्र आलं, त्याला काय करणार?

भाई माझा थोरला, मुंबईत नोकरीला. लिहितो, 'दुर्गे, गेल्या आषाढात विहिरीच्या पायरीवर घसरून तू दीड दिवस पडून होतीस, पुरामुळे कामवालीही आली नव्हती आणि कोणाला पत्ता नव्हता. घरात दुसरं माणूस असतं तर मी चकार शब्द काढला नसता. या पावसाळ्यात तिथे एकटी राहायचं नाही. इथे ये.'

इथे म्हणजे त्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी वळकटी. मी ते घर पाहिलंय. खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत. डब्यात लावलेली तुळससुद्धा तिथे पिवळी पडते.

हेच त्याने गेल्या महिन्यातही लिहिलं होतं, तेव्हा मी उलट टपाली कळवलं होतं की मालवणातल्या नव्या शाळेने दीडशे रोपं सांगितली आहेत, क्रोटन, जास्वंद आणि अबोली. मिरगाला पोचवायचा शब्द दिलाय. त्यावर हे त्याचं उत्तर, त्याच पाकिटात दुसरा कागद: 'ठीक. दीडशे रोपं धडधाकट पोचली तर राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही पोचली तर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने एस.टी.त बसायचं.'

भाईला वाटतं मी झाडांशी भातुकली खेळते. दाखवतेच त्याला.

१२ एप्रिल, रविवार

बाबांची ओळ: 'मिरगाला दिसणारा रोग चैत्रातच आलेला असतो, आपण बघितलेला नसतो.' म्हणून रोज सकाळी भिंग घेऊन वाफ्यांतून फिरते. पानाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पाठीकडे बघायचं. तोंड सगळ्यांचंच हसरं असतं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवायच्या नाहीत, वारा खेळला पाहिजे. पाणी सकाळीच, संध्याकाळी नाही. रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रण.

आणि शेवटचा नियम पाहुण्यांच्या ओट्याचा. बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, जांभळीखाली एक दगडी ओटा आहे. बाहेरून आलेलं कुठलंही रोप एकवीस दिवस तिथे बसतं. त्यात कीड नाही, बुरशी नाही अशी खात्री झाली की मगच आत. नाव लक्ष्मीने ठेवलं. लक्ष्मी पंधरा वर्षं माझ्याकडे कामाला येते आणि पंधरा वर्षं माझ्याशी वाद घालते.

फाल्गुनात व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडचा बाबली दोन क्रोटन घेऊन आला होता. त्याची सुपारीची बाग आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचे क्रोटनही ओट्यावर गेले. बिचारा म्हणाला, "अक्कानू, माकाय ओट्यार बसवतास काय?"

मी म्हटलं, "तुकाच पयलो बसवतलंय."

तो हसत गेला. काय हसण्यासारखं होतं कोण जाणे.

१९ एप्रिल, रविवार

दुपारच्या गाडीने सरला आली. कळवलं नव्हतं.

सरला माझी धाकटी, चार वर्षांनी लहान. शिरोड्याला दिली. तिचं लग्न माझ्याआधी झालं, कारण आई तेव्हा अंथरुणाला होती आणि कोणीतरी घरी लागणारच होतं. नंतर मला कोणी विचारलं नाही. त्याचं आता काही वाटत नाही. (लिहिलं म्हणजे थोडं वाटत असावं.) तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही, पण दिराचा मुलगा, त्याची बायको, त्यांची पोरं, घर भरलेलं. दारात माड, मागे विहीर. माझ्यापेक्षा सुखातच आहे.

कट्टा गावच्या गाडीतळावरून एका माणसाच्या डोक्यावर तिची ट्रंक आली आणि तिच्या स्वतःच्या कुशीत घासलेटचा डबा. डब्यात अनंत. आईचा अनंत! सरला सासरी जाताना आईने तिच्याबरोबर एक लहान फांदी मुळं फुटवून दिली होती. इथला मूळचा अनंत आई गेली त्याच वर्षी वाळला. तेव्हापासून या घरात तो वास नाही. मी डब्याकडे बघतच राहिले.

"बाये, थय थांब," मी ओरडले. आत जाऊन भाकरीचा तुकडा आणला, सरलेवरून ओवाळला, मग डब्यावरूनही ओवाळला आणि लांब टाकला. तिच्या पायांवर पाणी घातलं आणि एक तांब्या अनंताच्या बुडात ओतला. सरला हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. एस.टी.त धूळ फार असते.

लक्ष्मी कमरेवर हात ठेवून उभी. "अक्कानू, हो डबो ओट्यार ठेवूचो नाय?"

"माहेरवाशणीक बेड्याभायर बसवतत काय गो?"

आणि डबा थेट मधल्या वाफ्यात, क्रोटनच्या शेजारी सावलीत ठेवला. चार पानं बघितली. हिरवीगार होती.

२१ एप्रिल

सरला पहाटे उठते आणि घर झाडत सुटते. आज कोनाडे पुसले, पाटा काढून, धुऊन पुन्हा बसवला. लहानपणापासूनची खोड.

जेवताना म्हणाली, "अक्का, मधली खोली रिकामीच आसता मां?"

"रिकामी खंय? बियाणा सुकतत थय."

"माळ्यार नाय सुकाची?"

"माळ्यार उंदीर."

मग माझ्या ताटात वाढायला लागली. आमटी तिने आईसारखी केली होती. मी दोनदा भात घेतला.

२३ एप्रिल

संध्याकाळी बघते तर सरला झारी घेऊन अबोलीच्या वाफ्यात. पानं ओलीचिंब! मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती झारी खाली ठेवून पायरीवर बसली.

पदराने हात पुसत म्हणाली, "पावसात हय एकटीक भय नाय वाटणा तुका?"

हिलाही भाईनेच पढवून पाठवलंय की काय, असं मनात आलं. मी ताडकन म्हटलं, "माका एकटीकच बरा. दुसरा माणूस घरात इला की माझो हात चलणा नाय."

सरला अनंताच्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मगे मी उद्या जातंय."

"इतक्यात?"

"घराकडे वाट बघतत."

बघणारच. भरलं घर आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

मी आणि लक्ष्मीने ट्रंक धरून गाडीतळापर्यंत नेली. माझे खांदे भरून आले. चार दिवसांसाठी या बाईने त्यात काय भरलं होतं देव जाणे. वाटेत मी विचारलं, "अनंत परत नेतंस?" म्हणाली, "ता ऱ्हवांदे. ता हयचाच."

गाडी आली, ती पलीकडच्या खिडकीशी बसली. मी हात केला तो तिला दिसला नसावा.

संध्याकाळी चुलीवर भात ठेवला आणि मग लक्षात आलं, दोघींचा ठेवलाय. घर एकाएकी मोठं झालं. चार दिवसांत सवय लागते म्हणजे काय!

३० एप्रिल, गुरुवार

सकाळी क्रोटनच्या बेचक्यात पांढरं दिसलं. कापसाचा कण असेल म्हणून नखाने काढलं तर बोटाला चिकट लागलं आणि त्यातून गुलाबी किडा वळवळला. पिठ्या. त्याच्या शेजारी दुसरा. पान उलटलं, पाठीच्या शिरेवर ओळीने बसलेले. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर तेच. खालून वर तांबड्या मुंग्यांची रांग लागलेली. मुंग्या या किड्यांच्या गवळणी. त्यांचा गोड रस पितात आणि त्यांना उचलून एका रोपावरून दुसऱ्यावर नेऊन चरायला ठेवतात.

रांगेमागे चालत गेले. रांग घासलेटच्या डब्याशी संपली.

अनंताची पानं वरून अजून हिरवीगार आहेत. पाठीमागे सगळा पांढरा पुंजका. देठाच्या प्रत्येक सांध्यात, सालीच्या फटीत. भिंग घेऊन एकदा, फक्त एकदा उलटून बघितलं असतं तर! एकोणीस तारखेला आला, म्हणजे आज अकरावा दिवस. ओट्यावर ठेवला असता तर अजून दहा दिवस तिथेच असता आणि माझे वाफे स्वच्छ असते.

लक्ष्मी ओट्यावरची वाळलेली पानं झाडत राहिली. तिच्या झाडूचा आवाज सगळ्यात जास्त टोचतो.

२ मे

डबा ओट्यावर हलवला, म्हणजे चोर गेल्यावर दाराला कडी. सगळ्यात किडकी चाळीस रोपं उपटून शेणकीजवळ, शेणाच्या खड्ड्याशी, जाळली. उरलेल्यांवर तंबाखूचं पाणी. दोन शेर पानं रात्रभर भिजवली, सकाळी उकळली, त्यात तारली मासळीच्या तेलाचा साबण किसून घातला. बाबलीने सुपारीवर मोरचूद मारायचा आपला पंप आणून दिला आणि दांडा हलवायलाही उभा राहिला. घरभर असा वास सुटला की मलाच मळमळलं.

गुरव देवळासाठी जास्वंदी न्यायला आला, त्याला परत पाठवला. तारल्याच्या तेलाची फुलं रवळनाथाला कशी द्यायची?

"देव काय वास घेवक येता, अक्कानू?"

"देव सगळा बगता म्हणान तूच सांगतंस मां? मगे वासय घेता आसतलो."

महिनाभर देवाला दुसऱ्याची फुलं. बाबा असते तर काय म्हणाले असते या विचाराने जेवण गेलं नाही.

६ मे

सरलेला पत्र टाकलं. न लिहून राहवेना. 'तू आणलेल्या झाडाने माझी बाग बुडवली. घरातून काही न्यायचं तर नीट बघून न्यावं. तुझ्या भरल्या घरात एक झाड कमी-जास्त झालं तर कळत नाही, माझं इथे सगळं या दीडशे रोपांवर आहे. ती गेली तर मला भाईकडे जावं लागेल, तेही तुझ्यामुळे.'

कट्ट्याच्या पेटीत टाकून आले. टाकताना बरं वाटलं. परत येताना व्हाळापर्यंत बरं वाटत होतं, नंतर नाही.

१० मे

आज स्वतःच्या हाताने तीस रोपं मारली. पिठ्या परत दिसला म्हणून रागाच्या भरात तंबाखू दुप्पट कडक केली आणि भर दुपारी फवारली. वैशाखाचं ऊन! संध्याकाळपर्यंत क्रोटनच्या कडा करपल्या, अबोली माना टाकून पडली. फवारा उन्हात मारू नये हे बाबांच्या पहिल्याच वहीत पहिल्याच पानावर आहे. याला सरला जबाबदार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे सोयीस्करपणे विसरणार नाही.

लक्ष्मी लेकीच्या बाळंतपणाला कुडाळला गेलीय. सकाळपासून तोंडातून एक शब्द काढलेला नाही. तिन्हीसांजेला आपला आवाज आहे की गेला ते बघायला मोठ्याने "जास्वंद" म्हटलं. कावळा उडाला.

१३ मे

कोणी आलं नाही. पोस्टमनसुद्धा नाही.

१७ मे, रविवार

अनंत जाळायचा ठरवून ओट्यावर गेले. तो आहे तोवर मुंग्या कुठून ना कुठून वाट काढणार. डबा आडवा करून थोपटला, माती सुटली, झाड मुळांसकट हातात आलं.

मी फांदी समजत होते. बघते तर फांदी नव्हे, अख्खं झाड. मनगटाएवढा बुंधा, वरून कोयत्याने छाटून वीतभर ठेवलेला आणि त्यावर फुटलेली नवी पानं. खाली जाडजूड मुळं, तीही कोयत्याने तोडलेली, घाव अजून ताजे. वीस वर्षांचं झाड कोणी जमिनीतून असं उपटून काढतं का? एक फांदी पुरली असती. मुळं फुटवायला तिलाही येतात, आईने दोघींना शिकवलंय. असल्या झाडाला उपटल्यावर निम्मं मरण येतं आणि मेल्यासारख्या झाडावरच किडीला आधी फावतं. शिरोड्याच्या अंगणात केवढा खड्डा पडला असेल. सरलेच्या डोक्यात काय होतं कळत नाही.

जाळवलं नाही. आईच्या हातचा बुंधा आहे. घंगाळात साबणाचं कोमट पाणी घेतलं आणि लहान पोराला न्हाऊ घालावं तसं जुन्या कुंच्याने एकेक मूळ, एकेक सांधा घासला. पानं सगळी खुडून जाळली. डबा उकळत्या पाण्याने धुतला, नवी माती, राख, शेणखत. परत ओट्यावर. आजपासून एकवीस दिवस मोजायचे, म्हणजे सात जून.

नुसता खुंट उभा आहे. त्याच्याकडे बघत जेवले.

२३ मे

बाबांची पाचवी वही: 'मुंगी बंद तर पिठ्या बंद.' हे मी इतके दिवस वाचून विसरत होते. पिठ्या खाणारे ढालकिडे बागेत असतातच, पण मुंग्या त्यांना हाकलतात. फवारणी बंद केली. रोपं सगळी फळ्यांवर चढवली आणि फळ्यांखालचे लाकडी पाय राखेच्या पाण्यात ठेवले. बाबलीने उंडीच्या तेलात बुडवलेल्या चिंध्या आणून प्रत्येक पायाला गुंडाळल्या. मुंग्या खाली येरझारा घालतात, वर जाता येत नाही. आज जास्वंदीवर काळ्या पाठीचे ढालकिडे मोजले, सतरा. पिठ्या असे मटकावत होते की त्यांना हळदीकुंकू लावावंसं वाटलं.

बाबली पंप न्यायला आज पाचव्यांदा आला, चहा घेतला, वाफ्यांची स्तुती केली आणि पाचव्यांदा पंप विसरून गेला. वयाने होतं असं.

धडधाकट रोपं एकशे बावन्न. दोन जास्त आहेत.

२८ मे, गुरुवार

दिवा जवळ ओढून लिहिते.

बाबली मालवणाहून आला. सुपारी पोचवायला बंदरावर गेला होता. म्हणाला, "सरलाताय मुंबयक गेली मां? परवाच्या, पावसाआदल्या शेवटच्या बोटीन. ट्रंक घेवन धक्क्यार बसलेली. मी म्हटलंय, अक्का पोचवूक नाय इली? तर म्हणाली, अक्काक बागेचा काम आसा, तिका सांगा नको."

मी म्हटलं, शिरोड्याची ती, मुंबईला कशाला जाईल? आणि जायचं तर वेंगुर्ल्याला चढेल, मालवणला कशाला येईल?

लक्ष्मी कालच परत आलीय. कणगीशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "अक्कानू, रागावतलास. पण सरलाताय इली ती चार दिसांसाठी इलीच नाय होती."

"मगे?"

"ट्रंकेत तिची थाळी होती, तांब्या होतो, घोवाचो फोटो होतो. माका तिनाच दाखवल्यान. पुतण्यान खोली घेतल्यान तिची. मधली खोली ती कोणासाठी इचारी होती? तुमी बियाणा सांगलास."

"तेव्हाच कित्याक नाय सांगलंस माका?"

"तिना शपथ घातल्यान. म्हणाली, अक्कान आपसूक म्हटल्यान तर ऱ्हवतलंय. मागून नाय."

बाबली कधी उठून गेला कळलं नाही. आजही पंप इथेच आहे.

मूळ तोडून, खड्डा करून अख्खं झाड घेऊन कोण येतं? ज्याला परत जायचं नसतं तो. मी ते मूळ हातात धरून बघितलं, घाव ताजे आहेत असं याच वहीत लिहिलं आणि तिच्यावर चिडले. मी, जी पानांची पाठ बघते! चार दिवस ती समोर बसून जेवली आणि मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

आणि भाईचं पत्र पुन्हा काढून वाचलं. 'घरात दुसरं माणूस असतं तर मी चकार शब्द काढला नसता.' पाडव्याला हे वाक्य मीच उतरवून घेतलंय, माझ्याच अक्षरात. रोपांचा प्रश्नच नव्हता कधी. एकोणीस एप्रिलला ट्रंकेसकट दुसरं माणूस माझ्या उंबऱ्यावर आलं होतं. डब्याला आत घेतलं. तिला चार दिवसांत परत पाठवली.

मालवणला ती बोटीसाठी आली नसेल. कट्ट्यावर उतरायचं मनात असेल, मग माझं सहा तारखेचं पत्र आठवलं असेल. हे मी ठरवून टाकलंय, खरं असेलच असं नाही. पण मला झोपवत नाही.

४ जून

भाईचं पत्र. 'सरला इथे आली. शिरोड्याला तिचे हाल चालले होते, आम्हाला काही कळवलं नाही. तुझ्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. उलट म्हणाली, अक्काची बाग उत्तम आहे, तिला इथे आणू नका, तिचा जीव गुदमरेल, घरातलं काय ते मी करते. तेव्हा तुझी रोपं पोचोत न पोचोत, तू तिथेच राहा. आमची सोय झाली. आता तरी झालं ना तुझ्या मनासारखं?'

झालं.

तुळस पिवळी पडते त्या खिडकीशी आता सरला बसते.

८ जून, सोमवार. मिरग.

दोन बैलगाड्यांतून दीडशे रोपं मालवणला पोचली. शाळेचे मास्तर वरून बघून "छान, छान" म्हणाले. मी त्यांना एकेक पान उलटून पाठ दाखवली. एकाही पानावर कण नव्हता. एवढी स्वच्छ रोपं बाबांच्याही हातून गेली नसतील. बाबली गाडीबरोबर आला होता, त्यानेही टोपी काढली.

महिनाभर याच दिवसासाठी जीव टाकला. घरी येऊन रिकाम्या फळ्या बघितल्या. सांगायला कोणी नव्हतं म्हणून लक्ष्मीला पुन्हा सांगितलं. ती बरोबरच होती, तरी तिने ऐकून घेतलं.

९ जून

अनंताचे एकवीस दिवस काल-परवा भरले. भिंगाने सगळा खुंट बघितला, सालीची फट न् फट. स्वच्छ आहे. आणि दोन ठिकाणी कोंब, तांदळाएवढे. आत आणला, पायरीशी ठेवला.

मग सरलेला कार्ड. चार फाडली. पहिल्यात माफी मागता मागता पिठ्याचंच लिहीत बसले. पाचवं टाकलं: 'सरले, तुझा अनंत वाचला. दीडशे रोपं पोचली. मी तुझ्याशी फार वाईट वागले. तू मागावंस अशी वेळ मी आणायला नको होती. मधली खोली तुझी आहे. मला इथे एकटीला बरं वाटत नाही, कधीच वाटलं नव्हतं. ये.'

शेवटची दोन वाक्यं लिहायला अर्धा तास लागला. पोस्टमन कार्डं वाचतो. वाचू दे.

१६ जून

उत्तर नाही. अनंताला चार पानं. पाठी बघितल्या.

२७ जून, शनिवार

सरलेचं कार्ड आलं. पायरीवर बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं.

'ती. अक्कास सा. न. तुझी रोपं पोचली हे वाचून आनंद झाला. अनंताला संध्याकाळी पाणी घालू नकोस. इथे भाईच्या धाकटीला गोवर आला आहे, ती माझ्या हातूनच खाते, हलता येत नाही. बोटी सुरू झाल्या की बघू. मधल्या खोलीत बियाणं आहे ना? असू दे तिथेच.'

'बघू' हा शब्द मी चांगला ओळखते. कोणी नवं रोप घेऊन आलं की मीही हेच म्हणते. तिने मला ओट्यावर ठेवलंय. बाबांच्या नियमाने एकवीस दिवस. सरलेच्या नियमाने किती, ते तीच जाणे. तिच्या जागी मी असते तर मीही घाई केली नसती.

लक्ष्मीला घेऊन बियाणं माळ्यावर चढवलं. उंदीर खातील तर खाऊ देत. मधली खोली सारवली, खिडकी उघडून कोरडी होऊ दिली. अनंताचा डबा त्या खिडकीबाहेर ठेवला, म्हणजे फुलला की वास आत येईल. मग दुसरं कार्ड घेतलं आणि एवढंच लिहिलं: 'बियाणं हलवलं. खोली रिकामी आहे.'

बोटी गणपतीनंतर सुरू होतात.